नंदकिशोर काय म्हणाला होता

भटवाडी, घाटकोपर
रविवार, १६ जून १९८५

जयंतीच्या बाबांना,

तुमचं शेवटचं पत्र एप्रिलमध्ये आलं. त्यानंतर मनिऑर्डर आली, पण कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असते ती कोरी होती. पोस्टमननेही उलटसुलट करून बघितलं. मी सही केली.

इकडे सगळं ठीक. जयंती पाचवीत गेली. आईंचा गुडघा तसाच आहे. मला कंपनीत पॅकिंगवरून तपासणीच्या टेबलावर घेतलंय. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या उजेडात धरायच्या आणि कुठे खळगा रिकामा राहिलाय का ते बघायचं. मुलुंडहून घरी येईपर्यंत डोळे चुरचुरतात, पण पॅकिंगपेक्षा बरं.

फेब्रुवारीत आपलं जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिकडे क्वार्टर मिळत असताना मी नोकरी धरून इथेच राहते म्हटलं म्हणून तुम्ही न जेवता गेलात, ते तुमच्या लक्षात असेलच. माझ्याही आहे. पण तेवढ्यासाठी तुम्ही मुलीला पत्र लिहायचं थांबवाल असं मला वाटत नाही. म्हणून विचारते, काय झालंय?

गेल्या आठवड्यात धाकू आला होता, असल्फ्याचा, तुमच्या ट्रेनिंग सेंटरवर स्वयंपाकघरात आहे तो. सुट्टीवर आलाय. त्याच्याकडून कळलं की मे महिन्यात तुमच्या तुकडीतला एक रिक्रूट पळता पळता उन्हाने कोसळला, त्याला झटके आले, आणि तुम्ही त्याला खांद्यावर टाकून माळ्याच्या हौदापर्यंत नेलंत आणि बुटांसकट पाण्यात उतरलात. हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत त्याचं डोकं हातात धरून उभे होतात. डॉक्टर म्हणे म्हणाले, त्याला तसं गार केलं नसतं तर तो वाटेतच गेला असता. धाकूचं बोलणं संपायच्या आत आई उठल्या आणि देवापुढे दिवा लावला. आता नळावर, रेशनच्या रांगेत, जिथे जातील तिथे सांगतात, "माझ्या झिलान पोराक वाचवल्यान." काल शेजारच्या बाईंनी जयंतीला बोलावून हातावर साखर ठेवली.

एवढी चांगली गोष्ट तुम्ही घरी का कळवली नाहीत? धाकू म्हणाला, "वहिनी, चौकशी चालू आहे ना, म्हणून टेन्शनमध्ये असतील. पण राऊळसाहेबांना काय होत नाय. उलट शाबासकी मिळेल." मग तर लिहायला काहीच हरकत नव्हती.

जयंती विचारते, हौदात उतरलात तेव्हा टोपी होती का डोक्यावर. तिला तरी लिहा.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, २८ जुलै १९८५

जयंतीच्या बाबांना,

जुलैची मनिऑर्डर मिळाली. कुपन परत कोरं.

तुम्हाला बोलायचं नसतं तेव्हा तुम्ही कसे असता ते मला ठाऊक आहे. जयंती चार वर्षांची असताना तुम्ही तिला रेडिओ पाडला म्हणून थोबाडीत मारली होती आणि नंतर कळलं की तो मांजराने पाडला. दोन दिवस तुम्ही घरात कुणाशी बोलला नाहीत. तिला खांद्यावर घेऊन बाजारात फिरवून आणलंत, पण बोलला नाहीत. म्हणून तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते. भांडलात तर वाटत नाही.

धाकू परत जायच्या आधी भेटून गेला. तो रिक्रूट मुंबईचाच निघाला. नंदकिशोर हडकर, राहणार नाहूर. त्याला नोकरीसाठी नालायक ठरवून घरी पाठवलंय. हे ऐकल्यापासून आईंनी माझ्यामागे धोशा लावलाय की नारळ घेऊन बघून ये, आपल्या सहदेवाने वाचवलेला पोर आहे. मी म्हटलं, आपण ओळख ना देख कशाला जायचं? त्या म्हणाल्या, "वळख कशी नाय? तेका नव्यान जलम दिल्यान तो कोणी?"

नाहूर म्हणजे माझ्या मुलुंडच्या एक स्टेशन अलीकडे. सुट्टीच्या दिवशी जाईन म्हणते. तुमची काही हरकत असेल तर लिहा. नाही लिहिलंत तर हरकत नाही असं धरून चालेन.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, १ सप्टेंबर १९८५

जयंतीच्या बाबांना,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मी गेले. आज दुपारीच जाऊन आले. सगळं जसं झालं तसं लिहिते, कारण शेवटी मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे.

हडकरांची खोली रेल्वेच्या फाटकाच्या पलीकडे, बैठ्या चाळीत शेवटची. वडील अनंत हडकर, भांडुपला एका कंपनीत फिटर आहेत. आई नलिनी. मी दारात उभी राहून नाव सांगितलं, राऊळ हवालदारांची बायको. त्या बाईंनी माझे दोन्ही हात धरून मला आत नेलं आणि हात सोडलेच नाहीत. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसल्या. मी खाली उतरायला लागले तर ऐकेनात.

मग तो आतून आला. उंच आहे, तुमच्याएवढा. होडीतून आत्ताच उतरल्यासारखा पाय फाकवून चालतो, एक हात भिंतीला. "उस्तादांच्या घरून आल्यात," असं त्याच्या आईने सांगितलं तसा तो ताठ उभा राहायला गेला. तोल गेला म्हणून कपाट धरलं. बोलणंही तसंच. एक शब्द ठेवतो, मग दुसरा शोधतो. वीस वर्षांचं वय.

त्याच्या आईने सांगितलं की हॉस्पिटलात सुरुवातीला त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळी होत होती. पळून पळून आणि तापून अंगातलं मांस विरघळलं आणि ते मूत्रपिंडात जाऊन बसलं, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मग लघवी बंदच झाली. मशीनवर ठेवला. मूत्रपिंडं परत चालू झाली, पण डोक्यात जी उष्णता गेली तिने तोल आणि जीभ दोन्ही नेलं. हे परत येईल का, असं त्यांनी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, थोडं येईल, सगळं नाही. ती बाई हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होती. बऱ्याच जणांना सांगून झालं असणार.

मी नंदकिशोरला विचारलं, "तुला काय आठवतं?"

तो म्हणाला, "सकाळचा चहा. मग एकदम पंखा."

"पंखा?"

"हॉस्पिटलचा. मधलं काहीच नाही. उस्तादांनी उचललं ते पण मला सांगितलंय दुसऱ्यांनी." मग बराच वेळ शब्द जुळवून म्हणाला, "आमचे उस्ताद चांगले होते. कडक होते, पण चांगले."

त्याचे वडील खिडकीपाशी पाठ करून उभे होते. ते तसेच म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचे उपकार आहेत. बाकी चूक आमच्याच पोराची. दोन दिवस आधी सुया दिल्या होत्या सगळ्यांना, त्याचा ताप अंगात होता. सांगायला काय झालं होतं? गप्प राहिला आणि पळाला. चौकशीच्या कागदावर तसंच आलंय, आजार लपवला म्हणून. आता पेन्शनचंही कठीण आहे म्हणतात. पण ते जाऊ दे. माझ्या कंपनीत पेढे वाटले होते हो मी, पोरगा मिलिटरीत गेला म्हणून. आता विचारतात तर काय सांगू? मर्दानगी दाखवायला गेला म्हणून सांगतो."

पोरगा जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "नसेल सांगितलं मी. मला आठवत नाही. बाबा म्हणतात तर नसेल सांगितलं."

त्याच्या वडिलांनी मागे वळून बघितलं नाही. नलिनीताईंनी चहाचे कप उचलले. मला पोचवायला त्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथे, गाडी जाईपर्यंत थांबायचं होतं तेव्हा, मला म्हणाल्या, "बाई, हा लपवणारा नाही हो. लहानपणी पायात काटा मोडला तर आळीभर पाय दाखवून यायचा. बापाला कोण सांगणार? कागदावर लिहिलंय म्हणतात. मी आई आहे, मला माहीत आहे, त्याने कुणाला तरी सांगितलंच असणार."

फाटक उघडलं आणि मी निघाले. घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते.

सकाळी त्या पोरांसमोर तुम्हीच उभे असता ना? सांगायचं झालं तर ते तुम्हालाच सांगणार.

त्याने तुम्हाला सांगितलं होतं का? तेवढंच लिहा. बाकी काही लिहू नका.

आईंना मी फक्त एवढंच सांगितलंय की मुलगा बरा आहे आणि माणसं चांगली आहेत.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, २९ सप्टेंबर १९८५

तुमचं पत्र गणपतीच्या दिवसांत आलं. कंपनीतून आले तर जयंतीने ते देवाजवळ ठेवलं होतं. आंतरदेशीयचा पाव भागही भरलेला नाही, पण मी विचारलेल्याचं उत्तर तुम्ही दिलंत.

"हो. त्याने सांगितलं होतं. मी त्याला रांगेत परत पाठवलं."

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या तपासत होते आणि रिकामे खळगे माझ्या डोळ्यांपुढून तसेच जात होते. सुपरवायझरने दोन ट्रे परत आणून ठेवले. बरं नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले. मग परत वाचलं.

तुम्ही जे पुढे लिहिलंय ते मी नीट वाचलं. सेंटरमधल्या सगळ्या तुकड्यांची ढालीसाठी शर्यत होती, जितके जण शेवटपर्यंत पोचतील तितके गुण. आदल्या संध्याकाळी साहेबांनी दम दिला होता की उद्या आपल्यातला एकही जण आजारी म्हणून बसलेला दिसता कामा नये. पहाटे निघायचं होतं, पण पाहुणे आले नाहीत म्हणून पोरं पाठीवर वजनाचा पिट्टू घेऊन तशीच उभी राहिली आणि निघेपर्यंत ऊन तापलं. शर्यतीच्या दिवशी अर्ध्या पोरांना ताप येतो, पोट दुखतं, ते तुम्ही वर्षानुवर्षं बघताय. खरा कोण आणि खोटा कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. हे सगळं मला समजतं. मी खोटं म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मला वाचवेना. अर्धी वाट झाल्यावर तो वाकडातिकडा धावायला लागला आणि मराठीत काहीतरी बरळायला लागला, "आई, दार उघड, किती वेळ उभा आहे." घाम यायचा बंद झाला होता. तुकडीत मराठी कळणारे तुम्ही एकटेच. तुम्हाला वाटलं सोंग करतोय, उस्ताद मुंबईचा म्हणून पाझर फुटेल असं त्याला वाटतंय. तुम्ही त्याला ढकललंत पुढे. मग तो पडला.

पडल्यावर तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना माहीत आहे. तेही खरंच आहे. ते खोटं होत नाही.

पण चौकशीत तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या कानावर काही आलं नव्हतं." तुम्ही लिहिलंय की साहेबांनी आधी बोलावून तसंच सांगायला सुचवलं, आणि नायब सुभेदारीच्या यादीत तुमचं नाव आहे. शिवाय पोरगा तर घरी गेला, आता त्याला काय फरक पडतो, असंही लिहिलंय. काय फरक पडतो ते मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही बहुतेक ते वाचलंत आणि पुढे गेलात. त्याचा बाप त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. तो स्वतः म्हणतो, मी नसेल सांगितलं. त्याला आठवत नाही, आणि ज्याला आठवतं तो गप्प आहे.

मी आईंना सांगितलं. माझ्या एकटीच्याने पेलवेना. त्या म्हणाल्या, "तू गप रव. नोकरी गेली तर खातलव काय? पोर वाचलो ना? मगे?" आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

चौकशीची शेवटची बैठक ऑक्टोबरच्या अखेरीस आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बोलायला अजून जागा आहे. काय करायचं ते मी सांगणार नाही. मी नाहूरला जाऊन हे सांगणार नाही, तेवढं नक्की. ते माझं सांगायचं नाही. पण आता तिकडे जाणंही मला जमणार नाही. त्या बाईने माझे हात धरले होते.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, २० ऑक्टोबर १९८५

जयंतीच्या बाबांना,

हे पत्र आईंच्या सांगण्यावरून लिहितेय. त्या समोर बसल्यात आणि मी त्यांचंच लिहिते की नाही ते जयंतीकडून वाचून घेणार आहेत.

मी नाहूरला गेले नाही म्हणून आज नलिनीताईच आल्या. आमचं काही चुकलं का, असं विचारायला. नंदकिशोरला घेऊन आल्या. भटवाडीचा चढ त्याने कसा चढला असेल कोण जाणे. रस्त्यावर पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत मागून आली, तर जयंतीने एकाला दगड मारला. त्याबद्दल मी तिला रागावले नाही.

आईंनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. तांदळाचे शिरवाळे आणि नारळाचा रस केला होता नेमका. त्याला चमच्याने खाता येईना, हात थरथरतो. रस शर्टावर सांडला. आईंनी पदराने पुसलं आणि स्वतः भरवायला लागल्या. तो लाजला, पण खाल्लं त्याने. आईंनी त्याला विचारलं, "रागावतस काय रे माझ्या झिलावर?" तो म्हणाला, "नाही आजी. त्यांच्यामुळे तर मी आहे. चूक माझी होती. मी सांगायला पाहिजे होतं."

आईंचा हात तिथेच थांबला. मी भांडी घेऊन आत गेले.

ते गेल्यावर आई दारात येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सहदेवाक लिव." मी म्हटलं, काय लिहू? त्यांनी सांगितलं ते असं:

"तुझी आवस सांगता म्हणान लिव. सगळीकडे मियाच बोंब मारलंय, माझ्या झिलान वाचवल्यान म्हणान. आता माका खय तोंड दाखवक जागा नाय. नोकरी गेली तर जावंदे. मी परत पापड लाटतलंय, तुझो बापूस आजारी होतो तेव्हा लाटलेच ना? पण त्या पोराच्या तोंडातसून परत माका 'चूक माझी' ह्या ऐकूचा नाय. खरा काय ता सांगून टाक."

एवढंच. खाली त्या अंगठा द्यायला निघाल्या होत्या, मी म्हटलं गरज नाही.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, १५ डिसेंबर १९८५

जयंतीच्या बाबांना,

पत्र मिळालं. तुम्ही परत जबाब दिलात आणि तो लिहून घेतला, हे वाचून आईंनी तुमच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. यादीतून नाव कापलं, सक्त ताकीद मिळाली आणि स्टोअरमध्ये घातलं, तेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला. सावलीत बसूची नोकरी." पण नंतर त्यांनी डोळे पुसलेले मी बघितले. साहेबांचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे काही झालं नसावं.

मलाही वाईट वाटलं, हे लपवत नाही. नायब सुभेदार झालात तर खांद्यावर फीत लावलेला तुमचा फोटो काढून घ्यायचा असं मी मनात धरलं होतं. असो.

पुढच्या आठवड्यात येताय ते कळलं. तुम्ही लिहिलंय की नाहूरला स्वतः जाईन. बरोबर मी येऊ का, असं विचारलंय. येईन. पण बोलायचं तुम्ही.

सुगंधा


घाटकोपर
रविवार, ५ जानेवारी १९८६

जयंतीच्या बाबांना,

तुम्ही पोचलात असं धरून लिहिते.

नाहूरहून परत आल्यावर आपण त्याबद्दल बोललोच नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि मीही नाही. पण तुम्ही बाहेर गेल्यानंतर त्या खोलीत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. ते कळायला हवं.

तुम्ही दारातच उभे राहून सांगून टाकलंत ते बरं केलंत. बसलो असतो तर चहा आला असता आणि मग कठीण झालं असतं. "त्याने मला सांगितलं होतं. मी त्याला परत रांगेत पाठवलं आणि नंतर चौकशीत खोटं बोललो. आता खरं लिहून दिलंय." तुमचा आवाज कवायतीच्या मैदानावर असल्यासारखा मोठा झाला होता, शेजारची माणसं बाहेर आली. अनंतराव उठून तुमच्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा मला वाटलं ते हात उचलणार. तुम्हालाही वाटलं असावं, कारण तुम्ही हात मागे बांधलेत. त्यांनी नुसतं म्हटलं, "बाहेर व्हा." तुम्ही गेलात. मीही निघत होते, पण नंदकिशोरने माझा पदर धरला.

तो म्हणाला, "वहिनी, मी काय म्हणालो होतो?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "सांगितलं होतंस म्हणाले ना ते."

"तसं नाही. शब्द. शब्द काय होते माझे?"

तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून बरं. मी त्याला सांगितलं, तू म्हणालास, "उस्ताद, काल रात्रीपासून ताप आहे, डोकं फिरतंय. आज मला बसू द्या. उद्या दुप्पट पळेन."

त्याने ते हळूहळू परत म्हटलं. जिभेवर येईना तिथे थांबला, परत सुरुवात केली. "उद्या दुप्पट पळेन" हे त्याला नीट म्हणता आलं तेव्हा हसला. "हे माझंच बोलणं," असं म्हणाला. "मी असंच बोलतो. आई, मी असंच बोलतो ना?" नलिनीताईंनी मान हलवली. मग तो वडिलांकडे वळला, भिंत सोडून, आणि म्हणाला, "बाबा, मी सांगितलं होतं."

अनंतराव खाली बसले. सरळ जमिनीवर, चपला घातलेल्याच होत्या. पोराच्या पायाला हात लावून म्हणाले, "अरे, मी कंपनीत सगळ्यांना सांगितलं रे." तेवढंच दोन-तीन वेळा म्हणाले. पोरगा त्यांना उठवायला वाकला आणि त्याचा तोल गेला, मग दोघंही खालीच बसून राहिले. मी आणि नलिनीताई मोरीपाशी उभ्या होतो.

नलिनीताईंनी मला चहा विचारला नाही. ते बरोबरच होतं. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी सांगितलं, सप्टेंबरपासून. त्या म्हणाल्या, "तरीच तुम्ही येईनाशा झालात." त्यांनी दार लावून घेतलं. मी पुन्हा तिकडे जाऊ शकेन असं वाटत नाही, निदान इतक्यात तरी.

काल मी कंपनीतून सुटले तर गेटवर अनंतराव उभे होते. भांडुपहून चालत आले होते, तेलाचे कपडे तसेच. आपली पाळी संपवून आले असणार. मला म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना सांगा, माझ्या घरात पाऊल ठेवू नका."

मी म्हटलं, सांगते.

ते जायला वळले आणि परत आले. म्हणाले, "पोरगा विचारतो, शर्यतीत त्या दिवशी तो कितवा होता. पडायच्या आधी. त्याला जाणून घ्यायचंय. बाकीच्या पोरांचंही विचारतो, कोण कुठल्या पलटणीत गेलं. मला काय माहीत? तुमच्या माणसाला माहीत असेल तर लिहायला सांगा. त्याच्या नावाने लिहायचं, माझ्या नाही. मी वाचणार नाही. त्याला अजून अक्षर लागत नाही नीट, त्याची आई वाचून दाखवेल."

मी सांगितलं, ते लिहितील.

तुम्हाला न विचारता सांगितलं. तुम्ही पत्र लिहायला किती वेळ लावता ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि फेब्रुवारीतलं आपलं भांडण, ते अजून आहे तसंच आहे. यावेळी दोघांनीही त्याला हात लावला नाही. त्याबद्दल बोलू कधीतरी.

आधी नंदकिशोरला लिहा. मला नंतर लिहिलंत तरी चालेल.

सुगंधा